निन्टेंडो डीएसवरचा 'स्टार फॉक्स कमांड' कुणी खेळलंय का? (गोळीबार कमी, रेघा जास्त)

माळ्यावरचा_माणूस:
मंडळी, दिवाळीची आवराआवर काढलीये, माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला आणि त्यात माझा डीएस लाइट (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं, दोन पडद्यांचं गेमयंत्र) निघाला, पांढरा, बिजागरीला तडा गेलेला, आणि आत 'स्टार फॉक्स कमांड'चं कार्ड तसंच खोचलेलं. २००७ च्या दिवाळीत सिंगापूरच्या मामाने आणला होता, तेव्हा आपल्याकडे नाशकात दुकानात डीएस मागितला की लोक विटा पाडायचा हँडगेम काढून दाखवायचे. चार्जर शोधण्यात दोन दिवस गेले तो भाग सोडा. चालला! सेव्हसकट चालला!

फक्त पेन गायब. मग काय, आईची क्रोशाची प्लॅस्टिकची सुई उलटी धरून खेळतोय, मस्त चालते. डीएसचा पडदा दाबावर चालणारा, दोन थर एकमेकांना टेकले की त्याला कळतं, त्यामुळे नख, सुई, काडी काही चालतं, मोबाइलसारखं बोटाचीच वीज लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २००६ ला आला हा गेम, क्योतोच्या क्यू-गेम्स कंपनीने निन्टेंडोबरोबर बनवलेला. फॉक्स मॅक्क्लाउड नावाचा कोल्हा पायलट, त्याची टोळी फुटलेली, सगळे आपापल्या वाटेने गेलेले, आणि व्हेनम ग्रहाच्या ॲसिडच्या समुद्रातून अँग्लर नावाचे माशांच्या तोंडाचे शत्रू वर आलेत. एवढी कथा पुरे.

खरी गंमत नकाशात आहे. प्रत्येक मोहीम खालच्या पडद्यावर नकाशाने सुरू होते. तुमची दोन-चार विमानं, मागे तुमचं मोठं जहाज ग्रेट फॉक्स, समोरून शत्रूचे जथे, मिसाइलं, तळ. पेनाने प्रत्येक विमानाची रेघ ओढायची, कुठून कुठे जाणार ती. इंधन संपलं की रेघ संपली. मग डाव सुरू म्हणायचं, की तुमची आणि त्यांची सगळी एकदम सरकतात, आणि रेघ जिथे शत्रूला आडवी जाईल तिथे लढाई. लढाई वरच्या पडद्यावर, थ्रीडी, मोकळ्या मैदानात विमान फिरवायचं. डाव मोजके. एकही मिसाइल ग्रेट फॉक्सला लागलं की खेळ खलास.

कालचंच सांगतो. दोन मिसाइलं, एक डावीकडून एक उजवीकडून, आणि मध्ये एक जथा हळूहळू खाली येतोय. मी हुशारी केली, दोघांना दोन मिसाइलांवर सोडलं आणि फॉक्सला मधल्या जथ्यावर. तिन्ही लढाया जिंकलो. परत नकाशा बघतो तर माझी तिन्ही विमानं वरच्या टोकाला पोचलेली आणि मागून, ज्या तळाकडे मी दुर्लक्ष केलं होतं, त्याने तिसरं मिसाइल सोडलेलं. मागे कुणीच नाही. पुढचा डाव नुसता बघायचा, ते कसं टुकूटुकू ग्रेट फॉक्सकडे जातंय ते.

तर माझं म्हणणं असं की हा नेमबाजीचा गेम नाहीच, नकाशाचा आहे, आणि लोकांनी तेव्हा याला नेमबाजीचा म्हणून घेतला आणि नेमबाजीचा म्हणूनच शिव्या दिल्या. कुणी खेळलंय का? काय मत?

खडूस_खेळाडू:
खेळलोय आणि शिव्याही दिल्यात, आणि परत देईन. स्टार फॉक्स म्हणजे काय तर रुळावरून गेल्यासारखं सरळ पुढे जायचं, समोर जे येईल ते उडवत. १९९७ चा 'स्टार फॉक्स ६४' घ्या, प्रत्येक टप्पा पाठ झाला तरी परत खेळावासा वाटतो, का तर तो कुणीतरी बसून रचलाय, कुठून कोण येणार, पूल कधी पडणार, कुठल्या कमानीखालून गेलं की वेगळी वाट उघडते. कमांडमध्ये असा एकही टप्पा नाही. एकही! सगळ्या लढाया त्याच चौकोनी मैदानात गोल गोल, अमुक शत्रू मार, त्यातून पडलेला गोळा उचल, घड्याळ बघ, पुढचा शोध. दहाव्या वेळी कंटाळा येतो. नकाशा चांगला आहे हे मान्य, पण नकाशातून जिथे पोचतो तिथे काही नसेल तर नकाशाचं काय लोणचं घालायचंय?

माळ्यावरचा_माणूस:
@खडूस, लढाया एकसारख्या आहेत हे मान्य. पण विमानं एकसारखी नाहीत ना. एकाचं विमान एकदम चार-पाच निशाणं धरतं, दुसऱ्याचं एकच, काहींना निशाण धरताच येत नाही. कुणाला कुठे पाठवायचं हा निर्णय नकाशावरच घ्यायचा असतो, आणि चुकीचा पायलट पाठवला की तीच सोपी लढाई जीव काढते. म्हणजे मैदान तेच असलं तरी तू कोण म्हणून तिथे आलायस ते वेगळं.

चकलीताई:
अगंबाई हा गेम! माझ्या भावाकडे होता, तेव्हा आम्ही डॅलसला होतो. तुम्हा लोकांना तो आवाजाचा प्रकार आठवतो का? सुरुवातीला माइकमध्ये बोलायला सांगतो, आणि मग तुमच्याच आवाजाचा भुगा करून सगळी पात्रं त्या आवाजात बोलतात, शब्द काहीच कळत नाहीत, नुसतं बडबड बडबड. आजी आमच्याकडे आली होती तेव्हा, भावाने डीएस तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला आजी काहीतरी बोल. आजी म्हणाली "मेल्या, तो डबा बाजूला ठेव आधी आणि जेवायला बस." झालं. मग आख्खा गेमभर तो बेडूक, तो ससा, ते दुष्ट मासे, सगळे आजीच्या सुरात करवादायचे. विश्वाचा शत्रू पडद्यावर येऊन धमकी देतोय आणि आवाज जेवायला बोलावल्याचा. आम्ही हसून हसून लोळायचो, आणि आजीला शेवटपर्यंत कळलं नाही काय चाललंय.

आणि भाऊ डावखुरा आहे. त्याला हा गेम फार आवडायचा कारण गोळी कुठलंही बटण दाबलं तरी सुटते, डावीकडचं काय उजवीकडचं काय. पेन डाव्या हातात, उजव्याने बटण. डावखुऱ्यांचा एवढा विचार कोण करतं हो.

रनवे२७:
गेम खेळलो नाही पण या मालिकेतलं एक नेहमी खटकतं म्हणून लिहितो. सगळं जग ज्याला 'बॅरल रोल' म्हणतं तो बॅरल रोल नाहीच. विमान सरळ रेषेत जाता जाता स्वतःच्याच अक्षाभोवती गिरकी घेतं त्याला एलेरॉन रोल म्हणतात. बॅरल रोलमध्ये विमान आडव्या ठेवलेल्या पिंपाच्या आतल्या बाजूने चक्कर मारल्यासारखं स्क्रूच्या आट्यासारख्या वाटेने जातं, म्हणून तर नाव बॅरल. ६४ मधल्या 'बॅरल रोल कर' म्हणणाऱ्या त्या सशाने एका पिढीला चुकीचं शिकवलं. असो. चालू द्या.

खडूस_खेळाडू:
@रनवे२७ आलाच तुमचा प्रतिसाद. वाटच बघत होतो.

माळ्यावरचा_माणूस:
हाहा. रनवेसाहेब, यात ती गिरकी कशी घेतात माहितीये का, पडद्यावर पेनाने गिरगोट्या ओढायच्या! जोरजोरात घासलं की विमान गरगर फिरतं आणि शत्रूच्या गोळ्या परत उडवून लावतं. पेन वर दोनदा टेकवलं की वेग, खाली दोनदा टेकवलं की ब्रेक. बॉम्ब टाकायचा तर त्याचं चिन्ह पेनाने ओढत नेऊन खालच्या रडारवर पाहिजे तिथे सोडायचं, म्हणजे समोर दिसत नसलेल्या शत्रूवरही टाकता येतो. माझ्या मुलाने (वय ६) पहिल्यांदा हातात घेतला आणि नुसत्या गिरगोट्याच ओढत बसला, पाच मिनिटं विमान जागच्या जागी भिंगरी. आणि पडद्यावरचे जुने ओरखडे बघून कळतंय की मीही तेच करायचो.

घोंगडी:
मला एक विचारायचंय, हे मोबाइलवर खेळता येतं का? एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून वगैरे?

चकलीताई:
@घोंगडी, स्वतःचं कार्ड नसताना कुठून तरी उतरवून घ्यायची चर्चा नको इथे प्लीज, मागे त्यावरून दोनशे प्रतिसादांचं रणकंदन झालं होतं. पण तसंही मजा नाही येणार, वर-खाली दोन पडदे हवेत, खाली पेन घासायचं आणि वर बघायचं. मोबाइलवर बोट घासलं की बोटाखालीच सगळं झाकलं जातं.

ओसाकाकर:
उशिरा बघितला धागा. थोडा इतिहास टाकतो, कारण त्याशिवाय कमांड असा का झाला ते कळत नाही.

याचा दिग्दर्शक डिलन कथबर्ट. हा इंग्रज, लंडनच्या आर्गोनॉट कंपनीतला पोरगेला प्रोग्रॅमर. या लोकांनी साध्या गेम बॉयवर (निन्टेंडोचं जुनं हातातलं गेमयंत्र) थ्रीडी करून दाखवलं, त्या गेम बॉयवर ज्याच्यात सरळ रेघ पटकन काढायची तरी धाप लागायची. ते निन्टेंडोने बघितलं, यांना क्योतोला बोलावलं, त्यातून १९९२ मध्ये गेम बॉयवर 'एक्स' नावाचा गेम आला, फक्त जपानात, आणि मग आर्गोनॉटने खास थ्रीडीसाठी सुपर एफएक्स चिप केली जी कन्सोलमध्ये नाही तर कार्ट्रिजमध्येच बसवलेली असायची. त्याच्यावर १९९३ चा पहिला स्टार फॉक्स.

आता मुद्दा. त्यानंतर लगेच त्यांनी स्टार फॉक्स २ केला. जवळजवळ पूर्ण केला. आणि निन्टेंडोने तो डब्यात टाकला, कारण एव्हाना प्रतिस्पर्ध्यांचे प्लेस्टेशन आणि सॅटर्न आले होते, स्वतःचा निन्टेंडो ६४ येऊ घातला होता, आणि त्यांच्या थ्रीडीपुढे सुपर एफएक्सचे त्रिकोण केविलवाणे दिसले असते. तो बाहेर आला थेट २०१७ मध्ये, छोट्या एसएनईएस क्लासिकच्या (जुन्या सुपर निन्टेंडोची लहान नवी आवृत्ती) पेटीत, म्हणजे वीसेक वर्षं कपाटात. त्यात काय होतं? नकाशा! सहा पायलटांतून दोन निवडायचे, कॉर्नेरिया ग्रहाकडे मिसाइलं आणि जहाजं येतायत ती अडवायची, कॉर्नेरियाचं नुकसान १०० टक्के झालं की संपलं. म्हणजे कमांडमध्ये जे लोकांना 'हे कुठून आणलं' वाटलं ते त्याच माणसाच्या डोक्यात दहा वर्षं अडकून पडलेलं होतं. कथबर्टने २००१ मध्ये क्योतोत क्यू-गेम्स काढली, २००६ मध्ये त्याला परत स्टार फॉक्स हातात मिळाला, आणि त्याने कपाटातलंच काढलं.

पण (इथे मी @खडूसच्या बाजूला थोडा सरकतो) दोन्ही खेळल्यावर मला २ जास्त आवडला. कारण त्यात तुम्ही लढाईत असताना नकाशावरचा वेळ थांबत नाही. तुम्ही इथे एका जहाजाच्या पोटात शिरलायत आणि तिकडे मिसाइल पुढे पुढे जातंय, मध्येच सूचना येते, मग हातातलं सोडून पळायचं की उरकून जायचं? तो जो जीव टांगणीला लागतो ना, तो कमांडमध्ये नाही. कमांडमध्ये सगळे थांबतात तुमच्यासाठी. तुम्ही रेघ ओढेपर्यंत शत्रू चहा पितोय.

माळ्यावरचा_माणूस:
@ओसाकाकर, क्या बात है, हे कपाटाचं माहीत नव्हतं. पण थांबण्याबद्दल माझं उलट मत. हा हातात घ्यायचा गेम आहे. मी कॉलेजला जाता-येता सिटी बसमध्ये खेळायचो, मेन रोडला बस वळली की झाकण बंद, डीएस झोपला, घरी येऊन झाकण उघडलं की नकाशा तसाच. आणि खरं सांगू, बसमध्ये लढाई करायचोच नाही, हादऱ्यात पेन कुठेही जातं. बसमध्ये नुसतं नकाशाकडे बघत बसायचो, रेघ ओढायची, पुसायची, परत ओढायची. लढाई घरी पलंगावर. डाव थांबत नसता तर हे जमलंच नसतं.

पाटीलबुवा:
या गेमचं नाव आज पहिल्यांदा ऐकतोय, पण तुम्ही ते तिसऱ्या मिसाइलचं लिहिलंय ना ते वाचून आमच्या तीर्थरूपांची आठवण झाली. पोलिसात होते, गणपती विसर्जनाचा बंदोबस्त लावायचे. माणसं मोजकी, चौक भरपूर. नवीन आलेला अधिकारी काय करायचा, तर जिथे गर्दी दिसतेय तिकडे सगळे पाठवायचा. वडील म्हणायचे, जिथे गर्दी दिसतेय तिथे आता पाठवून उपयोग नाही, पुढच्या तासाला ती कुठल्या चौकात जाणार तिथे आधी माणूस उभा कर, आणि दोन जण कायम चौकीत राखून ठेव, काहीही झालं तरी त्यांना हलवायचं नाही. तुम्ही ते दोन हलवले.

माळ्यावरचा_माणूस:
@पाटीलबुवा, आई शप्पथ, हेच! आज संध्याकाळी हेच करून बघतो. एक विमान ग्रेट फॉक्सपाशी, काय वाट्टेल ते होवो.

खडूस_खेळाडू:
पाटीलबुवांनी गेम न खेळता जे सांगितलं ते मला दोन वर्षं खेळून कळलं नव्हतं, त्यामुळे नकाशाबद्दल मी माघार घेतो. कथेबद्दल घेत नाही. नऊ शेवट! एका गेमला नऊ शेवट! पहिल्यांदा खेळताना एकच वाट देतात, मग परत खेळलं की वाटा फुटतात, इथे याला सोबत घेऊ का तिला, आणि त्याप्रमाणे शेवट. एका शेवटात फॉक्स आणि त्याच्या टोळीतल्या क्रिस्टलचा संसार, मुलगा मार्कस मोठा होऊन पायलट. दुसऱ्यात त्याचा जुना साथीदार फाल्को स्वतःची टोळी काढतो, स्टार फाल्को म्हणे. एकात फॉक्स आणि फाल्को पायलटगिरी सोडून रेसिंग करायला जातात. आणि तो एक, ज्यात क्रिस्टल सगळ्यांपासून तुटून नाव बदलून कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ग्रहावर इनाम घेऊन माणसं पकडत फिरते. पोरांच्या गेममध्ये हे काये? मला चार दिवस झोप नव्हती नीट. आणि यातला खरा कुठला ते सांगतच नाहीत. २०१६ ला वी यू वर (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेमयंत्र) 'स्टार फॉक्स झीरो' आला तो परत पहिल्यापासून सुरू, म्हणजे हे नऊच्या नऊ शेवट वाऱ्यावर.

चकलीताई:
मला उलट तो क्रिस्टलचा शेवटच लक्षात राहिलाय. फॉक्सने तिला 'तुझ्या जिवाला धोका आहे' म्हणून टोळीतून काढलं, तिला न विचारता, आणि मग हा परत ये म्हणतो. का यावं तिने? तेव्हा मी १९ वर्षांची होते, बरोबर तिच्या बाजूने होते. अजून आहे.

पण कथा सांगायची पद्धत सुमार, हे मान्य. नुसते चेहऱ्यांचे फोटो आणि खाली संवादाच्या ओळी, बटण दाब, पुढची ओळ, बटण दाब. त्यात आमच्याकडे आजीचा आवाज. क्रिस्टल रडतेय आणि आजी ओरडतेय.

रनवे२७:
मदरशिपमध्ये (शत्रूच्या मोठ्या जहाजात) शिरताना चौकटींमधून जायचं असतं, असं मी कुठेतरी पाहिलं. कमानीमधून विमान काढायचं हे या मालिकेत सारखं सारखं का येतं?

ओसाकाकर:
@रनवे२७, हो, कमांडमध्ये मोठ्या जहाजावर हल्ला करताना चौकटींची रांग लागते, एकही न चुकवता त्यातून जायचं आणि मग आतला गाभा फोडायचा. आणि तुमच्या प्रश्नाला चक्क उत्तर आहे. क्योतोत फुशिमी इनारीचं देऊळ आहे, निन्टेंडोपासून फार लांब नाही. इनारी म्हणजे धान्याचा देव, आणि कोल्हे त्याचे दूत, पायऱ्यापायऱ्यांवर दगडी कोल्हे, गळ्यात लाल फडकी बांधलेले, काहींच्या तोंडात धान्याच्या कोठाराची किल्ली. आणि डोंगरावर चढत जाणाऱ्या हजारो लाल तोरी कमानी, एकीला एक चिकटून, बोगदाच जणू. निन्टेंडोचा गेम रचणारा मियामोतो, त्याला कोल्हा आणि कमानी दोन्ही तिथनं सुचले. मागच्या हिवाळ्यात आईबाबा आले होते त्यांना घेऊन गेलो. पहाटे गर्दी नसताना त्या कमानींमधून वर चढताना माझ्या डोक्यात तेच संगीत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपल्या जेजुरीच्या पायऱ्यांवर पण गेम काढायला हरकत नाही, कमानी आहेतच, भंडाऱ्याचे बॉम्ब.

पाटीलबुवा:
भंडाऱ्याचे बॉम्ब +१. मी विकत घेईन.

घोंगडी:
बाकीचं सोडा, हा गेम आता मिळतो कुठे? मला खरंच खेळायचाय, चोरीचा नको.

ओसाकाकर:
@घोंगडी, वी यू च्या ऑनलाइन दुकानात होता पण ते दुकान मार्च २०२३ ला बंद झालं. ऑनलाइन लढाया तर मे २०१४ पासूनच बंद, सर्व्हर गेले. आता सेकंडहँड कार्ड हाच मार्ग. डीएसचं कार्ड थ्रीडीएसमध्येही (डीएसनंतरचं यंत्र) चालतं, त्यामुळे कुणाच्या घरी थ्रीडीएस पडला असेल तर नुसतं कार्ड बघ. स्टार फॉक्स २ मात्र स्विच ऑनलाइनवर (निन्टेंडोच्या स्विच यंत्राची वर्गणीची सेवा) आहे.

चकलीताई:
आणि घेतलास तर हाताची काळजी घे. एका हाताने डीएस पेलायचा, त्याच हाताच्या अंगठ्याने बटण दाबायचं, दुसऱ्या हातात पेन. अर्ध्या तासात मनगट भरून येतं. भाऊ मांडीवर उशी घेऊन खेळायचा.

माळ्यावरचा_माणूस:
अपडेट देतो. पाटीलबुवांच्या सांगण्याप्रमाणे एक विमान हललं नाही. फॉक्स मागे, बाकी दोघे पुढे. पहिल्या डावात अगदी मूर्खासारखं वाटलं, सगळ्यात चांगला पायलट नुसता उभा. डावीकडच्या मिसाइलाला मुद्दाम येऊ दिलं. दुसऱ्या डावात उजवीकडचं पडलं आणि तळ घेतला, तो तिसरं मिसाइल सोडणारा. तिसऱ्या डावात डावीकडचं ग्रेट फॉक्सच्या एवढं जवळ आलं की दोघांची चिन्हं नकाशावर एकमेकांना टेकतायत असं वाटलं, तेव्हा फॉक्सची रेघ ओढली, बोटाच्या पेराएवढी, इंधन जवळजवळ लागलंच नाही. मागून पाठलाग, पंधरा-वीस सेकंदांची लढाई. पडलं. एक डाव शिल्लक ठेवून मोहीम खलास.

मुलगा शेजारी बसून बघत होता, म्हणाला बाबा तुम्ही गोळ्या कधी मारणार.

आता थोडे दिवस सुट्टी, आईने सुई परत मागितलीये, दाराचं तोरण अर्धं राहिलंय. जुन्या डीएसचं पेन कुणाकडे जास्तीचं असेल तर व्यनि करा, सहा शेवट बघायचे राहिलेत.